रासक्रीडेची तसबीर : अर्थ व इतिहास

देवळाचे जुने छप्पर उतरविले की त्याबरोबर पुष्कळ गोष्टी खाली येतात. वासे, कौले, घंटेची साखळी, समया, आणि भिंतीवर वर्षानुवर्षे टांगलेल्या तसबिरी. नवे बांधकाम पुरे झाले की कोणती वस्तू परत जागेवर लावावयाची आणि कोणती विसर्जित करावयाची, हा प्रश्न प्रत्येक गावाच्या जीर्णोद्धार समितीपुढे येतोच. घंटा व समयांबद्दल कोणाचे दुमत नसते. तसबिरींबद्दल मात्र असते.

जुन्या सभामंडपातून उतरविलेल्या तसबिरींत रासक्रीडेचीही एक तसबीर आहे. रामपंचायतन, दत्त, विठ्ठल-रखुमाई यांच्या तसबिरी परत लावण्याबद्दल कोणीच हरकत घेतली नाही. रासक्रीडेच्या तसबिरीपाशी आल्यावर मात्र ग्रामस्थांत दोन मते झाली. काही वडीलधाऱ्या मंडळींचे म्हणणे असे की, ती आजोबा-पणजोबांच्या वेळची आहे, ती जागेवर गेलीच पाहिजे. काहींचे म्हणणे असे की, चांदण्या रात्री परस्त्रियांबरोबर नाचणारा देव लहान मुलांच्या दृष्टीस का पाडावा? नव्या देवळात असे शृंगारिक चित्र नको. दोन्ही बाजू श्रद्धावानांच्याच आहेत आणि दोघांनाही देवळाची शोभा राखावयाची आहे. म्हणून या चित्राचा अर्थ काय, ते आले कोठून, आणि आपल्या मुलखाशी त्याचे नाते काय, याची थोडी माहिती ग्रामस्थ व देणगीदार यांच्यापुढे ठेवणे अगत्याचे वाटते.

चित्रात काय दिसते

रासक्रीडेचे चित्र कोणत्याही छापखान्याचे असो, त्याची मांडणी बहुधा ठरलेली असते. वर पूर्ण चंद्र असतो. तो आश्विन पौर्णिमेचा, म्हणजे आपण ज्या रात्री कोजागिरीचे दूध आटवितो त्या रात्रीचा. एका बाजूला कदंबाचे झाड व जवळून वाहणारी यमुना. मध्यभागी पाय दुमडून उभा असलेला, पितांबर नेसलेला, मोरपीस खोवलेला मुरलीधर व त्याच्याजवळ राधा. त्यांच्या भोवती गवळणींचे रिंगण. आणि या रिंगणाकडे नीट पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. दोन गवळणींच्या मध्ये एक कृष्ण, पुन्हा गवळण, पुन्हा कृष्ण. जितक्या गवळणी तितके कृष्ण. पुष्कळ जण चित्रासमोरून हात जोडून पुढे जातात, पण हे मोजून पाहत नाहीत. सगळ्या चित्राची किल्ली तेथेच आहे. तिच्याकडे पुढे वळू.

गोष्ट काय आहे

ही कथा श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधात २९ ते ३३ अशा पाच अध्यायांत आली आहे. म्हणून तिला रासपंचाध्यायी म्हणतात. मराठीत श्रीधरस्वामींनी १७०२ साली पुरा केलेल्या हरिविजय ग्रंथामुळे श्रीकृष्णाच्या लीला घरोघर पोहोचल्या. श्रावणात व चातुर्मासात त्याची पोथी लावण्याची पद्धत अनेक गावांत होती.

शरदातील त्या रात्री कृष्णाने मुरली वाजविली आणि गवळणी हातातले काम टाकून निघाल्या. भागवतकारांनी ही कामे एक एक करून सांगितली आहेत. कोणी गाईची धार काढीत होती, ती तशीच उठली. कोणाचे दूध चुलीवर होते, ते उतू जाईल याची तिला शुद्ध राहिली नाही. कोणी वाढत होती, कोणी मुलाला दूध पाजीत होती, कोणी डोळ्यांत काजळ घालीत होती. काहींनी घाईत वस्त्रे व दागिने भलतीकडे घातले. काहींना घरच्यांनी कोंडून ठेविले. त्यांनी डोळे मिटून तेथेच कृष्णाचे ध्यान केले, आणि दार न उघडताच त्या त्याला जाऊन मिळाल्या, असे भागवत सांगते.

त्या आल्यावर कृष्ण काय म्हणाला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तो प्रथम म्हणाला, रात्र भयाण आहे, परत जा, घरच्या माणसांची सेवा करा. गवळणींनी ते मानले नाही. मग रास सुरू झाला. पण थोड्याच वेळात प्रत्येकीला वाटू लागले की, जगात आपल्याएवढी भाग्यवान कोणी नाही. हा ताठा मनात शिरताच कृष्ण नाहीसा झाला. एका गवळणीला तो बरोबर घेऊन गेला होता. तिलाही वाटले की, सगळ्यांना टाकून याने मलाच निवडले. ती म्हणाली, मला चालवत नाही, उचलून घे. तिच्यापुढूनही तो दिसेनासा झाला.

मग त्या झाडांना विचारीत हिंडल्या, तुळशीला विचारले, वाळूतील पावलांचे ठसे शोधले. शेवटी यमुनेच्या काठी बसून सर्वजणी मिळून रडल्या व गाऊ लागल्या. तेव्हा तो पुन्हा प्रकट झाला. आणि या दुसऱ्या भेटीनंतरच खरा महारास झाला, ज्यात दोघींच्या मध्ये एक कृष्ण उभा होता. आकाशात देवांची विमाने थांबली, फुलांचा वर्षाव झाला. पुढे यमुनेत जलक्रीडा झाली. आणि उजाडण्यापूर्वी कृष्णाच्या सांगण्यावरून गवळणी आपापल्या घरी परतल्या.

तसबिरीत दिसतो तो हा दुसरा रास होय. पहिला रास गर्वाने मोडला. दुसरा विरहातून व एकमेकींच्या सोबतीतून उभा राहिला. किती कृष्ण होते, याचे उत्तर येथे मिळते. मला एकटीला हवा, असे म्हणणारीला तो मिळाला नाही. सगळ्यांनी मिळून हाक मारली तेव्हा तो प्रत्येकीच्या शेजारी उभा राहिला, कोणाच्या जवळ नाही आणि कोणाच्या दूर नाही. रिंगणाला पहिली जागा नसते आणि शेवटचीही नसते.

आक्षेप नवा नाही

या चित्रावर आज जो आक्षेप घेतला जातो तो आजचा नाही. तो भागवतातच आहे, आणि विचारणारा कोणी नास्तिक नसून परीक्षित राजा आहे. सर्पदंशाने सात दिवसांत मृत्यू येणार हे ठाऊक असलेला हा राजा गंगेच्या काठी बसून शुकाचार्यांकडून कथा ऐकत होता. रासाची कथा संपताच त्याने सरळ विचारले की, धर्म राखण्यासाठी ज्याने अवतार घेतला, त्याने परस्त्रियांच्या बाबतीत असे का वागावे?

शुकाचार्यांनी राजाला गप्प केले नाही. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी की, ईश्वर सर्वांच्या अंतःकरणात राहतो, गवळणींच्याही आणि त्यांच्या पतींच्याही. त्याला परका कोण? दुसरी, ज्याच्या अंगी ते सामर्थ्य नाही त्याने अशा कृतीचे मनानेसुद्धा अनुकरण करू नये. शंकराने हलाहल पचविले म्हणून दुसरा कोणी विष पिईल तर तो मरेल. थोरांचे सांगणे पाळावे, त्यांच्या सर्वच कृतींची नक्कल करू नये. तिसरी, जो ही कथा श्रद्धेने ऐकेल त्याच्या हृदयातील कामरूपी रोग नाहीसा होईल. म्हणजे कथाकारांच्या मते ही कथा शृंगाराची चटक लावणारी नसून तिच्यावरचे औषध आहे.

दुसऱ्या मुद्द्याकडे दुर्लक्ष केले म्हणजे काय होते, याचे उदाहरण मुंबईच्या इतिहासात आहे. गुजराती समाजसुधारक करसनदास मुळजी यांनी १८६० साली आपल्या सत्यप्रकाश पत्रात लिहिले की, वल्लभ संप्रदायाचे काही महाराज स्वतःस कृष्णस्वरूप म्हणवून घेऊन भक्तांच्या स्त्रियांशी गैरवर्तन करतात. त्यावर जदुनाथजी महाराजांनी पन्नास हजार रुपयांचा अब्रुनुकसानीचा दावा लावला. १८६२ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टात तो चालला. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या नामवंतांनी करसनदासांच्या बाजूने साक्ष दिली आणि मुख्य निकाल करसनदासांच्या बाजूने लागला. महाराज लायबेल केस म्हणून तो प्रसिद्ध आहे. त्यात दोष रासाच्या कथेचा नव्हता. माणसाने देवाची जागा घेऊ नये, हा शुकाचार्यांचा इशारा विसरला गेला होता. म्हणून ही तसबीर लावावयाची तर तिच्याबरोबर तो इशाराही मुलांना सांगितला पाहिजे. चित्र लपविल्याने तो कोणाला कळणार नाही.

आपल्या परिसरातील जुने दाखले

देवस्थानाच्या भिंतीवर नाच व प्रीती यांची चित्रे असावीत का, याचे उत्तर चौकच्या आसपासच्या डोंगरांनी दोन हजार वर्षांपूर्वी देऊन ठेविले आहे.

कर्जत तालुक्यात राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात कोंडाणे येथे बौद्ध लेणी आहेत. ती इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराची मानली जातात. तेथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर वरच्या बाजूस नाचणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या जोड्या कोरल्या आहेत. त्यांच्या अंगाची लय अशी साधली आहे की, दगड थांबलेला वाटत नाही. याच ठिकाणी एका भग्न मूर्तीपाशी छोटा शिलालेख आहे. कण्ह याचा शिष्य बलक याने हे केले, असा त्याचा आशय आहे. कण्ह हे कृष्ण या नावाचेच प्राकृत रूप होय. कारागिराने आपल्या गुरूचे नाव आपल्या नावाबरोबर कोरले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

घाट चढून गेले की कार्ल्याची लेणी लागतात. आपल्या रायगड जिल्ह्यातील कोळी, आगरी, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू व इतर अनेक समाजांची कुलस्वामिनी एकवीरा आई तेथेच आहे. चैत्री यात्रेला चौकवरून जाणाऱ्या पालख्या सर्वांनी पाहिल्या आहेत. आईचे दर्शन घेऊन बाहेर आले की शेजारीच मोठे चैत्यगृह आहे. त्याच्या दाराच्या दोन्ही बाजूंस स्त्री-पुरुषांच्या भव्य जोड्या कोरल्या आहेत. त्यांस मिथुन म्हणतात. एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून प्रसन्न मुद्रेने त्या उभ्या आहेत.

कार्ल्यात खांबाखांबावर देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. वैजयंतीचा भूतपाल श्रेष्ठी आहे, धेनुकाकट गावचे यवन आहेत, दाराचे काम करणारा सुतार आहे. आणि मिथुनाच्या एका जोडीजवळच्या लेखात ही जोडी भदसम नावाच्या भिक्षूचे दान आहे, असे म्हटले आहे. संसार सोडलेल्या साधूला स्त्री-पुरुषांची प्रसन्न जोडी देवस्थानाच्या दाराशी अशुभ वाटली नाही. उलट स्वतःच्या नावाने ती द्यावीशी वाटली. तो धर्म वेगळा, कथाही वेगळी, पण देवस्थानाच्या दाराशी माणसाच्या आनंदाला जागा असावी, ही समजूत या मातीत फार जुनी आहे.

मराठी मुलखातील राधा

पुष्कळांस वाटते की राधाकृष्णाची प्रीती ही उत्तरेकडील गोष्ट आहे, आपला देव विठोबा. परंतु भागवतात राधेचे नाव येत नाही. बाराव्या शतकातील जयदेव कवीच्या गीतगोविंदामुळे ती देशभर प्रसिद्ध झाली. आणि तिचा फार जुना उल्लेख सापडतो तो महाराष्ट्री प्राकृतातल्या गाथासप्तशती या ग्रंथात. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या या संग्रहात कृष्ण राधिकेच्या तोंडावरील गाईंच्या पायांची धूळ फुंकरीने उडवितो आणि इतर गवळणींचा अभिमान उतरतो, अशा अर्थाची एक गाथा आहे. म्हणजे राधा आपल्या भाषेच्या पूर्वजाच्याच अंगणात प्रथम दिसते, असे म्हणण्यास हरकत नाही.

पंढरीची लोककथा तर सर्वांना ठाऊक आहे. द्वारकेत राधेला कृष्णाच्या मांडीवर बसलेली पाहून रुक्मिणी रुसली आणि दिंडीरवनात येऊन बसली. तिची समजूत काढण्यासाठी देव तिला शोधीत आला, वाटेत पुंडलिकाच्या दारी थांबला आणि विटेवर उभा राहिला. पंढरपुरात रखुमाईचे मंदिर आजही वेगळे आहे. प्रीती, रुसवा आणि समजूत यांची ही गोष्ट वजा केली तर लोककथेतला विठोबा पंढरीस येतच नाही. रासक्रीडेची तसबीर नको म्हणणाऱ्यांनी शेजारच्या विठ्ठल-रखुमाईच्या तसबिरीकडे एकदा या दृष्टीने पाहावे.

ज्ञानेश्वर, एकनाथ, तुकाराम या संतांनी गवळणी लिहिल्या व त्या कीर्तन-भजनांत म्हटल्या जातात. तमाशातही गणानंतर गवळण येते. एकच कथा देवळात भजन होते आणि फडावर विनोद होते, आणि दोन्हीकडे लोक तिला ओळखतात.

आपल्याकडे गौरी-गणपतीत बायका फेर धरतात. दिवसभर भाताच्या खाचरात, चुलीपाशी, गोठ्यात राबलेल्या बाया रात्री हातात हात घालून गोल फिरतात. त्यात कोणाची सून पुढे आणि कोणाची मागे असे नसते. तसबिरीतील रिंगण म्हणजे हाच फेर आहे. भागवतातील गवळणीही राजकन्या नव्हत्या. धार काढणाऱ्या, दूध तापविणाऱ्या, मुलांना पाजणाऱ्या कष्टकरी बाया होत्या. देवळातील तसबिरींत राजे, ऋषी, वीर पुष्कळ असतात. कामाच्या बायांचा आनंद दाखविणारी तसबीर मात्र क्वचितच असते. ती काढून टाकली तर भिंतीवरून कोण जाईल, याचा विचार समितीने जरूर करावा.

तसबीर आली कोठून

कागदी तसबिरी येण्यापूर्वी देवादिकांची चित्रे भिंतीवर काढीत. ज्या नाना फडणविसांनी बोरघाटाच्या पायथ्याशी खोपोलीस महादेवाचे देऊळ व मोठा तलाव बांधला, त्यांच्याच वाईजवळील मेणवलीच्या वाड्यात पौराणिक प्रसंगांची भित्तिचित्रे आहेत. पण अशी चित्रे पाहावयास श्रीमंताच्या वाड्यात पाऊल ठेवावे लागे. गरिबाच्या घरी देव्हाऱ्यातील टाक, नाहीतर दिवाळीत सारवलेल्या जमिनीवर काढलेली रांगोळी, एवढेच असे.

शिळाछापाने हे बदलले. पुण्यात १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रशाळा काढली आणि देवांची रंगीत चित्रे छापून स्वस्तात विकावयास सुरुवात केली. त्यानंतर आले राजा रविवर्मा. त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे १८४८ साली त्यांचा जन्म झाला. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्यासाठी त्यांनी चौदा पौराणिक चित्रे रंगविली. ती मुंबईत मांडली तेव्हा पाहावयास लोकांची रीघ लागली. राजवाड्यातील चित्र सामान्य माणसास घरी कसे नेता येईल, हा विचार दिवाण सर टी. माधवराव यांनी त्यांना १८८४ सालीच पत्राने सुचविला होता. १८९४ साली रविवर्म्यांनी मुंबईस स्वतःचा छापखाना काढला. तेथून प्रथम बाहेर पडलेले चित्र शकुंतलेच्या जन्माचे होते. मेनकेने पुढे केलेले बाळ आणि हात वर करून तोंड फिरविणारा विश्वामित्र. तेही प्रीतीचे आणि तिच्या जबाबदारीचेच चित्र.

पुढे १८९९ च्या सुमारास हा छापखाना मुंबईहून हलवून मळवली येथे नेण्यात आला. मळवली म्हणजे लोणावळ्यापुढचे स्टेशन, कार्ल्याच्या लेण्यांचा पायथा. म्हणजे दगडात मिथुने कोरली गेली त्याच डोंगरासमोर दोन हजार वर्षांनी दगडावरूनच देवांची चित्रे छापली जाऊ लागली. कारण हे छापकाम दगडावरच होत असे. जर्मनीतील बव्हेरिया प्रांतातून आणलेल्या गुळगुळीत चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूने उलटे चित्र काढावयाचे, शिळा पाण्याने भिजवावयाची, आणि वरून तेलकट शाई फिरवावयाची. शाई फक्त रेघांनाच धरते. प्रत्येक रंगाला वेगळी शिळा लागे. सगळे रंग एकावर एक अचूक बसले तरच कृष्णाचा निळा निळा दिसे, नाहीतर मुरली एकीकडे आणि ओठ एकीकडे. शेवटी वर रोगण देऊन तैलचित्रासारखी चमक आणीत.

हा छापखाना चालविणे रविवर्म्यांना झेपले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी तो त्यांचे जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांच्याकडे गेला. रविवर्मा १९०६ साली वारले. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांनीही या छापखान्यासाठी काम केले होते. पुढे त्यांनी श्रीकृष्ण जन्म व कालिया मर्दन हे चित्रपट काढले, त्यांतील देव लोकांनी आधी तसबिरींत पाहिलेलेच होते. १९७२ साली मळवलीचा छापखाना आगीत भस्मसात झाला. पुष्कळ शिळा व चित्रे नष्ट झाली.

मुंबई-पुणे रस्ता १८३० साली बोरघाटातून खुला झाला आणि चौक त्या रस्त्यावरचे गाव. १८६३ साली आगगाडी घाट चढली. मुंबई, पनवेल, लोणावळा येथील बाजार व यात्रा यांतून अशा तसबिरी गावोगाव गेल्या. कोणी काचेत घालून घेई, कोणी गवळणींच्या पदरावर जरीचे तुकडे व टिकल्या चिकटवी. साबणाच्या व बाळाच्या दुधाच्या कंपन्यांनी हीच चित्रे आपल्या जाहिरातींसाठी दिनदर्शिकांवर छापली. यातून एक मोठी गोष्ट घडली. ज्यांना गाभाऱ्यात पाऊल टाकण्याची मनाई होती, त्यांच्या झोपडीतही देव आला. पुजारी लागला नाही, सोवळे लागले नाही, फक्त एक खिळा लागला. तसबिरीतील कृष्ण जसा प्रत्येक गवळणीजवळ उभा आहे, तसाच तो छापखान्यातून प्रत्येक घरी जाऊन उभा राहिला.

जतन कसे करावे

तसबीर ठेवावयाचे ठरले तर ती टिकेल अशी ठेवावी. नव्या गिलाव्यात ओल बराच काळ राहते. आपल्याकडील पावसाचा विचार करता भिंत पुरती सुकल्याशिवाय जुना कागद तिच्यावर टांगू नये. टांगताना मागे बुचाचे किंवा लाकडाचे छोटे तुकडे लावावेत, म्हणजे भिंत व चौकट यांत हवा खेळेल. काच कागदास चिकटू देऊ नये. समई, उदबत्ती व धूप यांपासून ती लांब असावी, आणि खिडकीतून येणाऱ्या थेट उन्हातही नसावी. कागद ओल्या फडक्याने कधीही पुसू नये. रंग उजळ करण्यासाठी वरून नवा रंग देऊ नये. कडा वाळवीने खाल्ल्या असतील तर जाणत्या माणसाकडून दुरुस्त करून घ्याव्यात.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नोंद. ती कोणी दिली, कधी लावली, कोणत्या साली उतरविली व परत लावली, हे देवस्थानच्या नोंदवहीत लिहून ठेवावे आणि एक फोटो त्याच पानाला जोडावा. ज्या वस्तूची नोंद नाही ती पुढच्या पिढीच्या दृष्टीने नसल्यासारखीच असते. कार्ल्याच्या भिक्षूचे नाव आज आपण घेतो, ते त्याने लिहून ठेविले म्हणूनच.

समारोप

या पुस्तिकेत देणगीदारांची यादी आहे. कोणी लाखाने दिले, कोणी शंभराने दिले, कोणी वाळूची पाटी उचलली, कोणी गवंड्यांना चहा करून घातला. यादीत नावे खालीवर येणे अटळ आहे, कारण कागदाला वर आणि खाल असतेच. परंतु देवळात शिरताना भिंतीवर रासाचे रिंगण दिसले तर प्रत्येकाला आठवण राहील की, मी जास्त दिले, मी जवळचा, असे मनात येताच देव नाहीसा झाला होता. आणि सगळ्यांनी मिळून हाक मारली तेव्हा तो प्रत्येकाच्या शेजारी येऊन उभा राहिला होता.

ही तसबीर ठेवावी की न ठेवावी, याचा निर्णय ग्रामस्थांनी एकत्र बसून करावयाचा आहे. तो करण्यापूर्वी प्रत्येकाने एकदा तिच्यासमोर थांबून किती गवळणी आहेत आणि किती कृष्ण आहेत ते मोजावे, एवढीच विनंती. जीर्णोद्धाराच्या या पुण्यकार्यात ज्यांचे ज्यांचे हात लागले, त्या सर्वांना श्रीकृपेने सुख, आरोग्य व एकोपा लाभो.

॥ शुभं भवतु ॥